शिंगांमागची आंब्याची फळी

आमचं गाव कोकणात, खाडीच्या अंगाला, आणि धंदा सुतारकीचा, बापाचा म्हणून माझा. शाळा तिसरीपर्यंत, पण लाकूड मी वासावरून सांगतो. नव्वदच्या पुढं मस्कतला गेलो. तिथल्या वादी अदाई भागात अर्बाबचं फर्निचरचं दुकान, अर्बाब म्हणजे मालक, पासपोर्ट त्याच्या कपाटात आणि आपण त्याच्या मुठीत. वाईट माणूस नव्हता असं लोक सांगतात. सांगू देत.

त्याला बाहेरदेशी जाऊन हरणं मारायचा नाद. फांद्याफांद्यांची ही मोठी शिंगं, सोहार गावातल्या त्याच्या घरी बैठकीत लावायची होती, पाव्हणे येणार होते. मागं ढालीसारख्या फळ्या पायजेत, सात. सागवानच लाव म्हणाला, आणून दिलं, जुनं, मुरलेलं, हाताला तेलकट लागायचं. बरोबरच होतं त्याचं. शिंगाचा भार पुढं लोंबतो, स्क्रू धरून ठेवील असंच लाकूड पायजे, आणि तेपण गाभ्याचं, सालीकडचं पांढरं नाय, त्यात किडा पडतो.

फळ्या आखल्या आणि भावाचा फोन आला, वहिनी दवाखान्यात हाय, लगेच नीघ. वहिनी म्हणजे सुमन, माझी बायको. मी अर्बाबकडं गेलो, तर म्हणाला शिंगं लाव, मंग जा. काय सांगू तुम्हाला, पाया पडलो मी त्याच्या. इन्शाल्ला बरी होईल, म्हणाला, तू काम कर. तिसऱ्या दिवशी परत फोन, गेली म्हणून. भाऊ रडत होता, म्हणाला परसातला आंबा तोडला दादा, चितेला. तो आंबा सुमननं लावलेला, लग्नाच्या वर्षी. अर्बाबला सांगितलं, तर म्हणतो, आता घाई कसली, काम पुरं कर.

ह्या बोलण्यावर मी सागवान बाजूला ठेवलं. त्याच्याच सोहारच्या बागेत आंबा पाडून दुकानात आणून टाकलेला होता, ओला. त्यातलं सालीकडचं निवडून घेतलं, बापानं जन्मभर टाकून द्यायला शिकवलं तेच. फळ्या केल्या, वर सागवानी पॉलिश, तीन हात, आणि शिंगं बसवून दिली. अर्बाबनं पाठ थोपटली, पासपोर्ट दिला. सागवानाची एक फळी मी पेटीत घातली. चोरी म्हणा.

घरी पोचलो तवा राखपण खाडीत सोडलेली.

परत गेलो. लोक म्हणाले पोटासाठी. मी बघायला गेलो. दुसऱ्या वर्षी फळ्यांतून पिठासारखा भुसा गळायला लागला, आणि एक शिंग पाव्हण्यांसमोर खाली आलं, दोन तुकडे. मला बोलावलं, विचारलं, लाकूड कुठलं?

"आंब्याचं," मी म्हणालो. "आमच्यात माणूस जाळायला वापरतात. माझी बायको त्याच्यावरच जाळली, मी नसताना."

 तो खलास म्हणाला, म्हणजे संपलं, आणि आठवड्यात मला घरी पाठवला.

त्या सागवानाची मी चौकट केली, आत सुमनचा फोटो. गाभ्याचं लाकूड, इतकी वर्षं झाली, सांधा केसाएवढा हललेला नाय. तिच्यासमोर रोज दिवा लावतो आणि त्या उरलेल्या सहा शिंगांचा इचार करतो, पडली असतील का. माफी दिलेली नाय, देणारपण नाय. तुम्ही मात्र आपल्या माणसाकडं वेळेत पोचा, एवढंच मागतो देवाकडं तुमच्यासाठी.