पाय लागला की नमस्कार

तुम्हाला वाटतं फुटबॉल मिरजेचाच? छे! तो आणला गोव्याहून रेल्वेत आलेल्या फिटरांनी. चाळीस सालानंतरची गोष्ट. त्यांच्या क्लबात एक गडी कमी पडला, म्हणून आमच्या तालमीतला गणपा घेतला. पण कुणाला पाय लागला की हा थांबून त्याला नमस्कार करायचा.

कप्तान पेद्रू ओरडायचा, "अरे, खेळतोस की पूजा करतोस?"

"आवं, पाय लागला न्हवं त्येला!"

साताऱ्याच्या जवानांशी मॅच होती. हरलो तर क्लब गुंडाळतो, असं पेद्रू बोलून बसलेला. शेवटपर्यंत बरोबरी. तेवढ्यात गणपाचा पाय एका जवानाला लागला. गणपा वाकला. जवानही आपल्याच मुलखातला, तोही वाकला. चेंडू मोकळा पडला, तो पेद्रूनं गोलात घातला.

दुसऱ्या दिवशी बघतो तर पेद्रू सगळ्या गोवेकरांना नमस्कार शिकवत होता.