मनगटावरचं नाव

त्वचेच्या दवाखान्यात माझ्या समोरच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. लेकीच्या मनगटावर नवऱ्याचं नाव गोंदलेलं होतं.

"अजून विचार कर गं. नाव पुसलंस की परतीची वाट बंद."

"आई, हाच हात मोडला त्यानं. परत कशाला जाऊ, दुसरा मोडून घ्यायला?"

"हळू बोल. लोक ऐकताहेत."

"ऐकू देत! डॉक्टर काय म्हणाले? शरीरातल्या भक्षक पेशी जंतू गिळून पचवतात. ही शाई मात्र त्यांना पचत नाही, म्हणून पोटात धरून बसतात."

"आणि त्या मेल्या की?"

"दुसऱ्या येतात, तीच शाई गिळतात. लेसरनं चुरा केल्याशिवाय निघायची नाही. राखणदार माझ्या, आणि जपतात कुणाला? त्या मेल्याला!"

"त्यांना काय कळतंय, बिचाऱ्यांना."

"तुला तर कळतं ना? आजी तुला म्हणाली सोस, तू मला म्हणतेस सोस. मी कुणाला सांगू? माझ्या पोरीला?"



नर्सनं हाक मारली. लेक उठली, तशी आईही उठली. आईनं आपली बाही कोपरापर्यंत सारली. तिथेही एक नाव होतं, हिरवट पडलेलं.

"सिस्टर, हे फार जुनं आहे हो. निघेल का?"