पंचेचाळीस मिनिटांचा रस्ता

—पण तेहतीस हा आकडा तुम्ही आणलात कुठून, ते आधी सांगा. बसा हो, बाई इतक्यात गाडी काढत नाहीत. अकरा वर्षं याच बाकावर त्यांची वाट पाहिली आहे मी. मुद्रितं तपासायची माझी खुर्ची तुम्हाला मिळाली, त्याचं मला काही नाही — खुर्ची प्रकाशनाची, मी निवृत्त झाल्यावर तिच्यावर कुणीतरी बसणारच. पण त्यांच्या गाडीत, त्यांच्या शेजारी, रोज... सीटचा पट्टा आवळून घेतलात ना? माझ्या मापाचा होता तो. असू द्या.

मुद्दा वेळेचा आहे. बाई गाडी चालवणार आणि किती वेळ लागेल ते मी सांगणार, अशी आमची वाटणी. अदमास म्हणतात त्याला. अंदाज काय, कुणीही ठोकतो. अंतराला वेगानं भागलं की झालं, असं गणित रस्त्यावर चालत नाही. निव्वळ चालवण्याची वीस मिनिटं, शाळेच्या वळणाची तीन, पुलावरच्या रांगेची सहा, आणि पाचांपैकी तीन सिग्नल तांबडे धरायचे, त्यांची चार — करा बेरीज. तेहतीस! मी कुठे नाही म्हणतो? पण त्यांना मी सांगितली पंचेचाळीस. पहिल्याच दिवशी सांगितली, आणि पुढे बदलली नाहीत. सव्वाआठला निघायचं, नवाला बारा कमी असताना कार्यालयाच्या फाटकाशी. मग काय? मग काही नाही. त्या थर्मास उघडायच्या. झाकण एकच — आधी त्या, मग मी. "आज रस्ता मोकळा मिळाला, बाई," मी म्हणायचो. रोज म्हणायचो. "नशीब आपलं," त्या म्हणायच्या. हसू नका.

आणि आता तुम्ही! सोमवारपासून गॅलरीतून पाहतोय, आठ सत्तावीसला निघता. बारा मिनिटं जास्त झोपू दिलंत त्यांना, मोठे उपकार केलेत. पण त्यांच्या लेखी मी कोण ठरलो? लबाड? की अकरा वर्षांत रस्ता न कळलेला ठोंब्या? दोन्हींतलं काही एक ठरलोच ना? एक विनंती आहे, वयानं मोठा म्हणून करतो — त्यांना म्हणा, पुलावरची गर्दी हल्ली ओसरली, पूर्वी पंचेचाळीस लागत असतील. सहज बोलता बोलता म्हणा. एवढंच... काय? तुम्ही सांगितलंच नाहीत? मग कुणी — त्यांनी? स्वतः? "आठ सत्तावीसला खाली या, तेहतीस मिनिटं लागतात," असं, सरळ? मग हल्ली रस्ता सुधारला असेल, म्हणून त्या... विचारलंत तुम्ही? बरं. काय म्हणाल्या?

पहिल्यापासून तेहतीसच.

पहिल्यापासून, असं म्हणाल्या. हाच शब्द?

...आली पाहा गाडी. उठा, त्यांना ताटकळत ठेवू नका. काच खाली करतायत — नको, नको म्हणावं. तुम्ही बसा. जा हो.