दाराआडून ऐकलेला प्रवेश

घशाच्या डॉक्टरांकडे औषधाच्या चिठ्ठीसाठी दोघी बहिणी माझ्या शेजारी थांबल्या होत्या. धाकटी नाटकातली नटी. तिचा आवाज पार बसला होता.

“आठ दिवस तोंड उघडायचं नाही म्हणालेत. मग आज संध्याकाळी तुझ्या जागी मी उभी राहते.”

“नको, ताई,” धाकटी कशीबशी कुजबुजली.

“अगं, तू तालमीसाठी डोळ्यांना पट्टी बांधून महिनाभर घरात ठेचकाळत होतीस, तेव्हा समोरची सगळी पात्रं मीच झाले ना? तुझी आंधळी मला तोंडपाठ आहे.”

“प्रयोग रद्द करू.”

“हाउसफुल्ल आहे! लोकांना परत पाठवणार?”

“पाठवीन.”

“मला जमणार नाही, असंच ना? लग्नानंतर नाटकात काम करणं सोडलं मी, विसरले नाहीये.”

“जमेल गं. तीच तर भीती आहे. परवा भांडी घासताना तू शेवटचा प्रवेश म्हणत होतीस. मी दाराआडून ऐकलं.”

“बरं, मग?”

“मग गच्चीवर गेले आणि तोच प्रवेश ओरडून ओरडून वीस वेळा केला. तुझ्यासारखा एकदाही होईना. तिथंच गेला माझा आवाज.”

ताई तिच्याजवळ सरकली.

“खरंच इतका चांगला झाला होता माझा?”