खांदा सरळ झाला आणि कोट वाकडा

...नाही, पण माणूस सरळ झाला हा शिंप्याचा गुन्हा आहे का, तुम्हीच सांगा. बसा, बसा, उठू नका, आत अजून वेळ आहे, तोवर ऐका. परवा बँकवाले साहेब आले, हातात कोट, कपाळाला आठ्या, आणि भर दुकानात मला म्हणतात, "वीस वर्षं तुमच्याकडे शिवतोय, आणि आता हा डावा खांदा? पोपट बसलाय का त्यावर?" म्हटलं, साहेब, वीस वर्षं तुमचा डावा खांदा अर्धा इंच खाली होता, मी गुपचूप तिकडे जाड पॅड घालत होतो, तुम्हाला कळू दिलं नाही, तुमच्या घरच्यांनाही नाही, आणि तुम्ही तीन महिने त्या पडद्यामागे जाऊन खांदा वर आणलात, मग पॅड कुठे जाणार? वरच जाणार ना? तर म्हणतात, "म्हणजे चूक माझी?" मला त्यातलं काही कळत नाही, मी आपला शिंपी.

हे सगळं जिच्यामुळे ती पडद्यामागची डॉक्टरीण म्हणजे माझी भाची, सख्ख्या बहिणीची मुलगी. मणक्यांची डॉक्टर. औषध नाही, इंजेक्शन नाही, नुसत्या हातांनी. सहा वर्षं शिकली आणि शिकून आली ती थेट मोठ्या रस्त्यावर काचेचा दवाखाना थाटून बसली. काय थाट होता, तुम्हाला सांगतो... समोर उभं राहिलं की दार आपोआप उघडायचं, कोपऱ्यात पाणी झुळझुळायचं, सोफा इतका मऊ की बसलेल्या माणसाला वर ओढायला दुसरा माणूस लागायचा, म्हणजे पाठ दुखत नसली तरी तिथे दुखायला लागेल. आणि बाहेर हातभर अक्षरांत पाटी, कायरोप्रॅक्टर. मी म्हटलं, पोरी, हे वाचणार कोण? तर म्हणे, "मामा, जगभर हाच शब्द आहे." असेल बाई. पहिल्याच आठवड्यात एक बाई आत आल्या, इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि विचारलं, "काय रोपं आहेत तुमच्याकडे? गुलाब मिळेल का?" दुसऱ्या एकाला त्या शब्दात नुसता ट्रॅक्टर दिसला, तो भाडं विचारून गेला. आणि जो खरोखर कंबर धरून यायचा त्याला ही प्लास्टिकचा कणा मांडीवर घेऊन पाऊण तास समजावायची, हा मणका, ही नस, हे असं का होतं, ते तसं का होतं... तो बिचारा म्हणायचा, "मॅडम, बसून दुखतंय म्हणून आलो होतो, तुमचं होईपर्यंत जरा उभा राहू का?" अकरा महिन्यांत काचेला आतून कागद लागले.

त्या दिवशी माझ्याकडे आली, स्टुलावर बसली, समोर पडलेली पँट ओढली आणि उसवत बसली. तासभर. ती पँट उसवायची नव्हतीच, पण मी उसवू दिली. शेवटी म्हणाली, "मामा, गादीच्या कंपनीत नोकरी मिळतेय. गाद्या विकायच्या. हातांचं काही काम नाही, नुसतं गोड बोलायचं." मला कसं झालं सांगू... ज्या मुलीने सहा वर्षं घासली, तिने गाद्या खपवायच्या? म्हटलं, कंपनीला सहा महिने थांबायला सांग, माझी कपडे घालून बघायची खोली घे, पडदा आहे, आरसा आहे, तुझं टेबल तेवढं आण. म्हणाली, "आणि नाही जमलं तर?" नाही जमलं तर गाद्या. मी तरी आणखी काय देणार होतो? मला त्यातलं काही कळत नाही, मी आपला शिंपी.

पंधरा दिवस पडदा हलला नाही. मग एक दिवस बस चालवणारे आमचे एक गिऱ्हाईक पँट घेऊन आले. मी नेहमीसारखा उजवा पाय पाऊण इंच आखूड दुमडायला घेतला, तर मागून आवाज, "मामा, एकच पाय का आखूड करतोस?" म्हटलं, त्यांचा पायच आखूड आहे. "बघू दे मला. पाय नसेल आखूड, कंबर तिरकी असेल." आणि ते आत गेले, ते अर्ध्या तासाने बाहेर आले आणि पहिल्यांदा दोन्ही पायांवर उभे राहिले. मग हिने माझी मापांची वही काढली. तीस वर्षांची वही, त्यात मी नावापुढे माझ्यापुरतं लिहून ठेवतो, डावा खांदा खाली, मान पुढे, पाठीला बाक, मागे एक इंच जास्त... दुपारभर ती वही कादंबरीसारखी वाचत बसली, चहा गार झाला, आणि मान वर करून म्हणते, "मामा, तीस वर्षं लोकांना तपासतोयस तू. कुणाला सांगितलं का नाहीस?" सांगू कसं? गिऱ्हाईकाला वाकडा म्हणतात का कुणी? आमचा धंदाच मुळी झाकायचा.

म्हणाली, "आता माप घेताना एवढंच विचार, दुखतं का." बस्स. कणा नाही, नस नाही, पाटी तर नाहीच. मी टेप लावायचा, विचारायचं, दुखतं का, आणि ज्याचं दुखतंय तो आपल्या पायाने पडद्याकडे. आणि मुख्य म्हणजे ती बदलली हो. पाऊण तास बोलणारी मुलगी पाऊण तास ऐकायला लागली. मी मशीन थांबवून बघत बसायचो, इतकं छान ऐकायची.

पण दिवसाला तीन-चार माणसं म्हणजे काही दवाखाना नव्हे. आणि पाचवा महिना सरताना आले एक ठेकेदार, घरं बांधणारे. हाताला मुंग्या, बोटांतून वस्तू गळतेय. म्हणाले, "मला मोकळं करा, माझी सगळी माणसं तुमच्याकडे पाठवतो." मी मनात म्हटलं, आलं नशीब चालत. हिने दहा मिनिटं तपासलं, कागदावर चार ओळी लिहिल्या आणि म्हणाली, "हे माझ्या हातचं काम नाही. आजच मोठ्या हॉस्पिटलात जा." हातही लावला नाही मानेला. ठेकेदार रागारागाने गेले. मी तर खवळलोच. अगं, थोडं चोळून दिलं असतंस तर काय बिघडलं असतं? तर शांतपणे मला विचारते, "मामा, कापड विरलेलं असेल तर तू त्यावर टीप मारतोस का?" मी खाली मान घालून मशीन चालवायला लागलो.

सहा महिने संपले त्या दिवशी गादीवाल्यांचा फोन येणार होता. आणि त्याच सकाळी ठेकेदार आले, मानेला पट्टा, मागे बायको, त्यामागे त्यांची सात-आठ माणसं. नस दबली होती, दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं होतं. दारातूनच सांगत सुटले, "ह्या बाईंनी मला हात लावला नाही म्हणून माझा हात राहिला. आता माझ्या माणसांना ह्यांचाच हात लागू दे." आणि तेवढ्यात फोन वाजला. मी मशीनवरचा पाय काढला. ती म्हणाली, "नाही हो, नाही जमणार. मला वेळ नाही." फोन ठेवला, पडदा सारला आणि विचारलं, "पहिलं कोण येतंय?" रडलो मी, लपवत नाही. त्या नादात एका शर्टाचा खिसा वरून शिवून बंद केला.

आता ते हॉस्पिटलवालेसुद्धा इकडे माणसं पाठवतात. मी नवं काही शिवत नाही, सरळ झालेल्यांचे पॅड काढतो, तेही फुकट, कारण भाचीची गिऱ्हाइकं. मला त्यातलं काही कळत नाही, मी आपला शिंपी, पण तुम्ही ते पाकीट मागच्या खिशातून काढा बघू, त्यानेच एका बाजूला कलताय.

आज सकाळी माझी मान धरली. पडदा सारून हक्काने आत गेलो, म्हटलं, पोरी, जरा बघ. वरसुद्धा न बघता म्हणाली, "मामा, बाहेर सगळे थांबलेत ना? नंबर लाव." दुकान माझं, आरसा माझा, पडदा मी शिवलेला... तुम्ही बारावे ना? सरका जरा. तेरावा मी.