ॲडजेसंट सासर

सासर किती जवळ आहे, हे मुलींनी लग्नाआधीच नीट विचारून घ्यावं. मी विचारलं होतं. अनिकेत म्हणाला, "आई-बाबांचं घर आपल्या घराला ॲडजेसंट आहे." मी इंग्रजी शिकवते. ॲडजेसंट म्हणजे लगतचं, पण भिंतीला भिंत लागलीच पाहिजे असं नाही, हे मला ठाऊक होतं. मी मनात मधे एक गल्ली धरली.

अयोध्या नगरात आले, तर दोन्ही घरांत भिंत एकच. भिंतीत दार, आणि कडी फक्त सासूबाईंच्या बाजूला. पहिल्याच सकाळी आम्ही अंथरुणात, आणि त्या पोहे-जिलबी घेऊन आत.

"उठा रे, गरम आहेत."

रोज हेच. शेवटी धीर करून मी सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, एक कडी आमच्या बाजूनं लावू या का?"

"आजच लावतो," ते म्हणाले. "पण तुझ्या सासूला तूच सांग."

सासूबाई मागेच उभ्या होत्या. आल्या पावली परत गेल्या. संध्याकाळी बाबांनी आमच्या बाजूनं कडी ठोकली. मला रात्री झोप लागेना.

सकाळी दारावर टकटक झाली.

"कोण?"

"शेजारीण. थोडी साखर मिळेल?"

मी कडी काढली. त्यांच्या हातात चहाचं पातेलं होतं, चौघांच्या चहाचं.