विणकामाचे आकडे

सून : हे अक्षर तुमचंच आहे, बाबा. नाही म्हणू नका.

सासरे : माझंच. कुठं सापडलं?

सून : तुमचा चष्मा शोधत होते ड्रॉवरमध्ये. मी ताईला लिहिलेल्या पत्रातले आकडे, आणि प्रत्येक आकड्याखाली शब्द. पंचवीस वर्षं मला वाटत होतं, हे आम्हा बहिणींशिवाय कुणाला कळणार नाही.

सासरे : पाकीट चिकटवून टाकायला तूच माझ्याकडे दिलं होतंस.

सून : आई सगळी पत्रं वाचायच्या ना. त्यांना सांगितलं, विणकामाचे टाके आहेत.

सासरे : तिला पटलं. मी मात्र छापखान्यात जन्मभर प्रुफं तपासली. चूक दाखवायची तर आम्ही असंच लिहायचो, पान, ओळ, शब्द. ते तीन-तीन आकडे पाहिले आणि हात आपोआप पुस्तक शोधायला लागला.

सून : पण नेमकं तेच पुस्तक?

सासरे : घरात पुस्तकं होती किती? शिलाई मशीनचं माहितीपुस्तक तुझ्या उशाशी, आणि मशीनवर वर्षाची धूळ. शिवाय एका शब्दाला दर वेळी तोच आकडा. एकोणीस-सहा-एक सात वेळा आलं. उघडून पाहिलं तर ‘बंद’.

सून : ताईकडंही तेच मशीन, तेच पुस्तक, म्हणून ते निवडलं. पण त्यात दुसरे शब्द तरी कुठं होते? नर्सिंगला नंबर लागला हे सांगताना नाकी नऊ आले. शेवटी ‘दुरुस्तीचं शिक्षण’ लिहिलं.

सासरे : तिथंच मी अडलो. पत्र दोन दिवस खिशात घेऊन हिंडलो. सोमवारी नकार कळवणार होतीस तू.

सून : आणि रविवारी जेवताना तुम्ही म्हणालात, सूनबाईनं पुढं शिकावं, घराचं मी बघतो. आई तीन दिवस तुमच्याशी बोलल्या नाहीत.

सासरे : आठ.

(सून कागदाची घडी घालते.)

सासरे : दुसऱ्याचं पत्र वाचलं, ते चूकच. सांगितलं असतं तर तू या घरात परत मोकळेपणी लिहिलं नसतंस. म्हणून गप्प बसलो. रागावलीस?

सून : सकाळी रागावले होते. मग युनिफॉर्मला इस्त्री करताना रडूच आलं. आज बावीस जणी माझ्या हाताखाली आहेत, बाबा. इतकी वर्षं मी नुसते नशिबाचे आभार मानत बसले.

सासरे : त्यानंतर एकही पत्र उघडलं नाही. शपथ घेऊन सांगतो.

सून : उघडायचं होतंत. पुढं वर्षभर मी ताईला तुमच्याबद्दलच लिहीत होते.